आधी कागद विचारणारा दलाल

अगं, माहेरचं घर विकायचं तुम्हा भावंडांचं ठरलं, ते मला आधी सांगितलंस हे फार बरं केलंस. आता पंधरा-वीस दिवस ही गोष्ट घराबाहेर जाऊ देऊ नकोस. आपलं पांढुर्णा तुला ठाऊक आहे. सकाळी किराणा दुकानात शब्द निघाला की संध्याकाळी दोन माणसं आईच्या ओट्यावर चहा पीत बसलेली असतात. एक म्हणतो, "काकू, पार्टी तयार आहे, तुम्ही फक्त हो म्हणा." दुसरा म्हणतो, "त्याच्या नादी लागू नका, माझ्याकडे नागपूरची कॅश पार्टी आहे." आई घरी एकटी, बाबा नाहीत, तू पुण्यात, दादा भोपाळला. अशा वेळी जो आधी आला आणि गोड बोलला, त्याच्या हाती घर जातं. आयुष्यभराच्या कमाईचा सौदा कुणाच्या हाती द्यायचा, हे कुणी ठरवतच नाही. मला तुझ्या बाबतीत हे होऊ द्यायचं नाही.

कायद्याचं तू वकिलाला विचारशील, कराचं सीएला. विचारच. पण अमक्या दलालाकडे जाऊ नका असं वकील सहसा सांगत नाही, कारण दोघांचं रोजचं उठणं-बसणं रजिस्ट्रार ऑफिसच्या एकाच आवारात असतं. ते घरच्या माणसालाच सांगावं लागतं.

दलाल घर बघायला आला की तो पहिल्यांदा काय विचारतो, ते कान देऊन ऐक. माझ्या मते अर्धी निवड तिथंच होते. बरेच जण समोरचा रस्ता नजरेनं मोजतात, माडीवर एक चक्कर मारतात आणि पाच मिनिटांत आकडा सांगून मोकळे होतात. तो आकडा तुमच्या मनातल्या आकड्यापेक्षा नेहमी मोठाच असतो. त्या घडीला त्याला घर विकायचं नसतं, फक्त दुसऱ्या दलालाकडे जाऊ द्यायचं नसतं. एकदा तुम्ही हो म्हटलं की दोन-तीन महिने पान हलत नाही. मग हळूहळू सुरू होतं. "ताई, मार्केट थंड आहे." "पार्टी म्हणते, मागच्या भिंतीला ओल आहे." आकडा उतरत जातो, आणि आपण इतके कंटाळलेले असतो की शेवटी मिळेल त्याला हो म्हणतो.

दुसऱ्या प्रकारचा माणूस खुर्ची ओढून बसतो, पाणी पितो आणि विचारतो, "काकाजी गेल्यावर नामांतरण झालं का?" मग विचारतो की संपत्तिकराची पावती कुणाच्या नावानं येते, विजेचं मीटर कुणाच्या नावावर आहे, मागची भिंत आपली की शेजाऱ्यांशी सामाईक, जागा नजूलच्या, म्हणजे सरकारी पट्ट्याची आहे की मालकीची, जुनी रजिस्ट्री सापडते का, बहिणी किती आणि कुठं असतात. भाव विचारलास तर म्हणतो, "कागद पाहून सांगतो." आईला अशा माणसाचा कंटाळा येईल. ती म्हणेल, हा काय पटवाऱ्यासारखा चौकशी करतोय. तू मात्र त्याचंच नाव लिहून ठेव. कारण हेच प्रश्न शेवटी खरेदीदाराची बँक विचारणार आहे, आणि तेव्हा उत्तर नसलं तर बयाणा घेतल्यावर सौदा अडकतो. बयाणा खर्च झालेला, रजिस्ट्री होत नाही, खरेदीदार दारात. त्यापेक्षा वाईट अवस्था घर विकणाऱ्याची नसते.

प्रश्न उगाच नाहीत, हे तुला दोन उदाहरणांनी सांगते. तुमचं घर गावात आहे, पण बाबांनी पुढं कॉलनीत जो प्लॉट घेतला तो मुळात शेतजमिनीचा तुकडा. त्याचं डायव्हर्शन झालंय का, कॉलनी मंजूर आहे की नाही, यावर बँक कर्ज देणार की नाही ते ठरतं, आणि कर्ज मिळत नसेल तर गिऱ्हाईक निम्म्याहून कमी उरतं. दुसरं तुझ्या मामांच्या खेड्यातलं घर. गावठाणातल्या, म्हणजे आबादीतल्या घरांना पिढ्यान् पिढ्या मालकीचा कागदच नव्हता. 2020 मध्ये केंद्राची स्वामित्व योजना आली, ड्रोननं गावं मोजली गेली आणि मध्य प्रदेशात अशा घरांचे अधिकार अभिलेख वाटले गेले. मामांच्या घराचा तो कागद बनलाय की नाही, आणि बनला असेल तर कुणाच्या नावावर, हे ज्या दलालाला विचारायचं सुचतं त्याला खेड्यातलं घर विकता येतं. आणि विक्रेता आदिवासी असेल, खरेदीदार आदिवासी नसेल, तर कलेक्टरच्या परवानगीशिवाय जमीन हलत नाही. आपल्या भागात ही गोष्ट ठाऊक नसलेल्या दलालानं धंदाच करू नये.

आकड्याबद्दल आणखी एक. 2023 च्या ऑगस्टमध्ये जामसावळीला मुख्यमंत्र्यांनी पांढुर्णा जिल्ह्याची घोषणा केली, ऑक्टोबरात पांढुर्णा आणि सौंसर मिळून जिल्हा झाला, आणि तेव्हापासून दलालांच्या तोंडी एक वाक्य बसलंय: "आता जिल्हा झाला, भाव दुप्पट." विकणाऱ्याला तो हे वाक्य वेगळ्या सुरात ऐकवतो आणि घेणाऱ्याला वेगळ्या. तू त्याला एवढंच विचार, "आमच्याच गल्लीत गेल्या वर्षभरात कोणत्या घराची रजिस्ट्री झाली, केवढ्याला?" खरा माणूस दोन घरं दाखवेल. शासनाची जागेच्या दरांची गाइडलाइन तर घरबसल्या बघता येते. 10 ऑक्टोबर 2024 ला भोपाळमध्ये संपदा 2.0 सुरू झालं, तेव्हापासून रजिस्ट्रीचं काम त्या प्रणालीवर चालतं आणि जागेच्या ठिकाणावरून गाइडलाइनचा दरही कळतो. तो दर म्हणजे बाजारभाव नाही, पण तो माहीत असला की कुणी तुला अगदीच खाली ओढू शकत नाही. हे दर 1 एप्रिलला बदलतात, म्हणून मार्चमध्ये रजिस्ट्रीसाठी झुंबड असते. दलाल मार्चअखेरीस घाई करू लागला तर ती घाई घेणाऱ्याच्या सोयीची आहे की तुमच्या, एवढं बघ.

आता जे सांगते ते आमच्या घरातलं आहे, म्हणून जरा सावकाश सांगते. माझ्या जावेच्या माहेरचं सौंसरचं घर विकलं गेलं. दलाल ओळखीतलाच. तो तिच्या मोठ्या भावाला म्हणाला, "तुम्हाला 18 लाख नेट. वरखाली झालं ते माझं मी बघतो. तुम्हाला कसली झंझट नको." भावाला वाटलं, बरंच झालं. दलाली वेगळी मागत नाही, वाद नाही. रजिस्ट्री झाली, पैसे तिघा भावंडांत वाटले गेले. पुढच्या संक्रांतीला नव्या मालकिणीनं गल्लीतल्या जुन्या ओळखींना हळदीकुंकवाला बोलावलं, जाऊ माहेरी आली होती म्हणून तिलाही. वाण हातात देता देता ती बाई सहज म्हणाली, "21 ला पडलं हो आम्हाला घर, वरून रंगरंगोटी." तिला काही माहीत नव्हतं बिचारीला. जाऊ तिथून उठली ती थेट भावाकडे.

3 लाख गेले त्याचं दुःख झालंच. पण त्याहून वाईट पुढं घडलं. धाकट्याच्या मनात आलं की वरचे 3 लाख दादानंच ठेवले असतील. दादा देवाची शपथ घेत होता आणि धाकटा ऐकत नव्हता. एका घरात वाढलेली भावंडं दोन दिवाळ्या एकमेकांकडे गेली नाहीत. दलाल मात्र आजही रोज त्याच रस्त्यानं जातो-येतो आणि रामराम घालतो.

आपल्याकडे संत्र्याची बाग झाडावरच ठोक देतात, मग व्यापाऱ्यानं वर किती काढले ते शेतकरी विचारत नाही. गारपीट झाली, भाव पडला तर नुकसान व्यापाऱ्याचं असतं, म्हणून तो सौदा ठीक. घराच्या दलालाचं असं काय नुकसान होणार आहे? त्याचा एक पैसा अडकलेला नसतो. म्हणून "नेट" हा शब्द ज्याच्या तोंडून निघाला त्याला हात जोड आणि दार दाखव. 1872 चा करार कायदा सांगतो की एजंटनं मालकाच्या नकळत त्या कामात स्वतःसाठी नफा काढला तर तो नफा मालक मागू शकतो. पण "वरचे तुझे" असं आपणच म्हणून बसलो, तर त्या हक्काचं काय उरलं?

याचंच दुसरं रूप आणखी घातकी आहे. दलाल स्वतःच्या नावानं इसारपत्र करतो, हातावर थोडा बयाणा ठेवतो, मुदत घेतो आठ-दहा महिन्यांची, आणि कागदात एक ओळ घालतो की रजिस्ट्री "त्यांना किंवा ते सांगतील त्यांच्या नावे" करून द्यावी. मग त्या कागदावर तो निवांत गिऱ्हाईक शोधतो. गिऱ्हाईक चढ्या भावाचं मिळालं तर फायदा त्याचा. नाही मिळालं तर घर वर्षभर अडकलं तुमचं. इसारपत्रात ही ओळ दिसली की सही करायची नाही. आणि मुदत तीन महिन्यांच्या वर नको, फार तर बँकेचं कर्ज असेल तर चार.

दलालीचं सरळ बोल, लाजू नकोस. आपल्याकडे साधारण एक ते दोन टक्के चालतात आणि बहुतेक दलाल दोन्हीकडून घेतात. दोन्हीकडून घेणं यात पाप नाही, पण तो घेणाऱ्याकडूनही घेणार आहे हे त्यानं तुझ्या तोंडावर सांगायला हवं. मग तुला कळतं की भावाच्या घासाघिशीत हा पूर्णपणे आपल्या बाजूचा नाही. अमेरिकेत तर या प्रश्नावर मोठा खटलाच झाला. तिथं विकणारा जी दलाली देई तिच्यातूनच खरेदीदाराच्या एजंटचा हिस्सा जाई, आणि घर विकणाऱ्या लोकांनी ती पद्धत कोर्टात नेली. 2024 मध्ये नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्सनं 41 कोटी 80 लाख डॉलर द्यायचं कबूल करून तडजोड केली, आणि त्या ऑगस्टपासून घर दाखवायच्या आधीच एजंटनं खरेदीदाराशी मोबदल्याचा लेखी करार करायचा असा नियम आला. एवढ्या मोठ्या देशात लोकांना हे लिहून घ्यावं लागलं, तर सौंसरच्या नाक्यावर तोंडी भरवसा का ठेवायचा?

म्हणून एका साध्या कागदावर लिहून घे: घर कोणतं, कमीत कमी किती किमतीला विकायचं, दलाली किती टक्के, ती कुणी कधी द्यायची, आणि हे काम त्याच्याकडे कोणत्या तारखेपर्यंत. खाली दोघांच्या सह्या. आणि दलाली रजिस्ट्रीच्या दिवशी, पूर्ण पैसे खात्यात आल्यावरच, तीही बँकेतून. "बयाण्याच्या वेळी अर्धी द्या" असं सगळेच म्हणतात. देऊ नकोस. अर्धी दलाली खिशात पडलेला माणूस पुढच्या कामाला लागतो. नामांतरणाचा कागद, नो ड्यूज, बँकेच्या फेऱ्या सगळं मग आईच्या गळ्यात. कामाच्या दलालाला मात्र ठरलेली दलाली शेवटच्या रुपयापर्यंत दे, आणि वेळेवर दे. शेवटच्या दिवशी घासाघीस करून त्याचे 10 हजार कापणं ही आपल्या लोकांची वाईट खोड आहे. चांगले दलाल त्यामुळेच घरगुती मालकांची कामं टाळतात.

रोकड. यावर मी हट्टानं बोलणार आहे. दलाल म्हणेल, "रजिस्ट्री गाइडलाइननं करू, वरचे रोख घ्या, सगळे असंच करतात." तू करायचं नाहीस. घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा जास्त रक्कम रोख घ्यायला 2015 पासून बंदी आहे, आणि बयाणाही त्यात येतो. पकडलं तर जेवढी रोख घेतली तेवढाच दंड, आणि तो घेणाऱ्याला, म्हणजे घर विकणाऱ्याला. दलालाला काही होत नाही. शिवाय त्या रोकडीनं आईसाठी नागपुरात फ्लॅट घ्यायचा म्हटलं तर ती दाखवणार कुठून? आईच्या नावावर पांढरे पैसे असले, तर नवं घर घेऊन कर वाचवायची सोय आहे: विक्रीनंतर दोन वर्षांत घर घ्यायचं किंवा तीन वर्षांत बांधायचं. बाबांनी घर 2001 च्या आधी बांधलेलं, त्यामुळे 1 एप्रिल 2001 ची किंमत धरता येते. तेवढा अंदाज सीएकडून दलाल ठरवण्याच्या आधीच काढून घे. विक्रीची किंमत 50 लाखांच्या आत आहे, तेव्हा खरेदीदारानं कापायच्या 1 टक्का टीडीएसचा प्रश्न तुम्हाला यायचा नाही. पण भावंडांपैकी कुणी परदेशात राहत असेल तर कापण्याचे नियम वेगळे आणि दरही जास्त, आणि ऐनवेळी हे कळलं की खरेदीदार बिचकतो. असं कुणी असेल तर पहिल्याच दिवशी सांग.

सह्यांचं बोलते. दलाल दादाशी बोलेल, जावईबापूंशी बोलेल. तू समोर बसलेली असशील आणि तो म्हणेल, "ताईंना शेवटी सहीला बोलावून घेऊ." हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की आता ऐकलं तरी अंगावर काटा येतो. 2005 मध्ये हिंदू वारसा कायदा बदलला, वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मानं हक्क मिळाला, आणि 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तो पक्का केला. वडील 2005 मध्ये हयात होते की नव्हते याचाही प्रश्न ठेवला नाही. बाबांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेलं घर असेल आणि मृत्युपत्र नसेल, तरी आई, तू, दादा, धाकटी सगळे सारखे वारस. म्हणजे ही सही म्हणजे कुणावर केलेली मेहरबानी नव्हे. तुम्ही मालक आहात. जो दलाल पहिल्या बैठकीत तुझ्याकडे बघून बोलतो, किंमत तुलाही विचारतो, धाकटीचा फोन नंबर मागतो, तो घराचं काम नीट करेल. जो तुला चहा करायला पाठवतो, त्याच्या फाइलमध्ये उद्या तुझ्या नावापुढं "हक्कत्याग" लिहिलेलं निघेल. हक्क सोडायचा की नाही ते तू ठरव, पण ते आधी, डोळे उघडे ठेवून, भावाशी स्पष्ट बोलून. बयाण्याच्या दिवशी दलालाच्या पेनानं नको.

आणि मुखत्यारपत्र. "तुम्ही एवढ्या लांबून कशाला येता, माझ्या नावानं आममुखत्यार करून द्या" असं म्हणणाऱ्याला घराची पायरी चढू देऊ नकोस. मुखत्यारपत्रानं घराची मालकी बदलत नाही, ती नोंदणी झालेल्या खरेदीखतानंच बदलते, हे सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्ये सूरज लॅम्प खटल्यात सांगून ठेवलंय. पण मुखत्यार हाती असलेला माणूस तुझ्या वतीनं पैसे घेऊ शकतो, कागद करू शकतो, आणि पुढं निस्तरत तुम्ही बसता. कुणाला येणं खरंच अशक्य असेल तर मुखत्यार सख्ख्या भावंडाला द्यायचं, तेही फक्त या एका घरापुरतं.

तुझ्या मनात असेल की नागपूरचा एखादा मोठा ऑफिसवाला एजंट गाठावा, चकचकीत वाटतो. माझा सल्ला, नको. महाराष्ट्रात रेराच्या एजंटना 2023 पासून प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यावी लागते, ही चांगली गोष्ट आहे. पण महारेराची नोंदणी महाराष्ट्रापुरती, इथं मध्य प्रदेशचा रेरा वेगळा. आणि खरं सांगायचं तर जुन्या घराच्या साध्या विक्रीत रेराचा नंबर फारसा कामाचा नाही; बिल्डरच्या नोंदणी झालेल्या प्रकल्पात घरं-प्लॉट विकणाऱ्या एजंटला तो कायद्यानं लागतो. कुणी नंबर छापलेलं कार्ड पुढं केलं म्हणून हुरळून जाऊ नकोस. नागपूरच्या माणसाला सातबारा कळतो, फेरफार कळतो. इथला खसरा, बी-1, डायव्हर्शन, नजूल, नगरपालिकेतली खिडकी त्याला कळत नाही. तो शेवटी इथल्याच कुणाला तरी हाताशी धरतो, आणि मधे एक दलाली वाढते. घेणारा मात्र नागपूरचा असू शकतो, किंवा बोरगावच्या कारखान्यात नोकरी करणारा. तेव्हा इथल्या दलालाला विचार की तो गिऱ्हाईक कुठून आणतो. "सगळे माझ्याकडेच येतात" हे उत्तर नव्हे.

घर पाच जणांना सांगू नकोस. आपल्या गावात दलाल पाच आणि गिऱ्हाईक तेच दहा. पाच दलालांनी पाच भाव सांगितले की लोकांना वाटतं घरात काहीतरी दोष आहे. एकाला तीन महिने दे, नाही जमलं तर नमस्कार करून दुसऱ्याला. नात्यातला दलाल शक्य तो नकोच. नात्यातल्या माणसाला "तुमचं काम बरोबर नाही" असं आपल्याला म्हणता येत नाही, आणि लग्नाकार्यात तोंड चुकवत फिरावं लागतं.

वेळेचंही सांगते. आपल्याकडे पैसा बागेबरोबर येतो. आंबिया बहराची संत्री गेली, कापूस विकला गेला की दिवाळीनंतर गावातला शेतकरी घराचं बोलायला लागतो. मुलांच्या शिक्षणासाठी त्याला गावात घर हवं असतं. पितृपक्षात कुणी बयाणा देत नाही. दसरा, पाडवा, अक्षय्य तृतीया या मुहूर्तांवर लोक हो म्हणतात. चांगला दलाल हे ओळखून दोन महिने आधी कागद तयार ठेवतो. आणि घर जाम नदीच्या बाजूला आहे, गोटमारीच्या, म्हणजे नदीवरच्या दगडफेकीच्या जत्रेच्या दिवशी तिथं काय परिस्थिती असते हे गावाला ठाऊक आहे. बाहेरच्या गिऱ्हाईकाला ते दलालानं आधीच सांगावं असा आग्रह धर. लपवलेलं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कळतंच, आणि तोवर बयाणा झालेला असला तर भांडण आईच्या दारात येतं.

आई एकटी आहे म्हणून एवढं कटाक्षानं पाळ. दलालानं फोन केल्याशिवाय माणसं आणायची नाहीत, दिवेलागणीनंतर अजिबात नाही, आणि घर दाखवताना शेजारच्या काकू घरात हव्यात. मूळ रजिस्ट्री दलालाच्या हातात द्यायची नाही, एका रात्रीपुरतीही नाही. झेरॉक्स द्यायची, आणि तिच्यावर आडवं लिहायचं: फक्त पाहण्यासाठी, आणि तारीख. आधारची प्रत द्यायची तर पहिले आठ आकडे झाकलेली. किल्ली कुणाकडे ठेवायची वेळ आली तर ती काकूंकडे.

आणि शेवटी त्याची चौकशी. घर घेतलेल्यांकडे नको, ते खूशच असतात. त्याच्यामार्फत ज्यांनी घर विकलं अशा दोघांची नावं त्याच्याकडूनच माग, आणि त्या घरच्या बाईशी बोल. तिला दोनच गोष्टी विचार: बोललेली सगळी रक्कम खात्यात आली का, आणि रजिस्ट्रीच्या दिवशी त्यानं ठरल्यापेक्षा काही जास्त मागितलं का. दोन नावं द्यायला जो काचकूच करेल त्याच्याशी पुढं बोलायची गरज नाही.

पुढच्या आठवड्यात पांढुर्ण्याला जाशील तेव्हा दलालाला भेटायच्या आधी तहसीलमध्ये आणि नगरपालिकेत जा, बाबांच्या नावावरून तुम्हा सगळ्यांच्या नावावर नामांतरण झालंय का ते बघ. झालं नसेल तर त्याच दिवशी अर्ज दे, आणि पोचपावतीचा फोटो मला पाठव.